माझ्या नावानं वाचलेला धडा

माझं नाव पुकारलं गेलं तेव्हा मी शाळेच्या मागं, खिचडीच्या खोलीत, तांदूळ निवडत बसले होते.

"हजर मॅडम," वर्गातून आवाज आला.

आवाज माझा नव्हता.

मी पाचवीत होते. बंजाऱ्यांच्या तांड्यावरची आम्ही नऊ लेकरं त्या खोलीत कोंबलेली. पुढ्यात दोन पराती, परातींत तांदूळ. सकाळी प्रार्थना झाल्या झाल्या मुख्याध्यापकांनी आम्हाला ओळीनं मागं आणून बसवलं होतं. गावात त्यांना सगळे मोठे सर म्हणायचे. मीही तेच म्हणते, सवय आहे. दारात उभं राहून ते म्हणाले होते, "मॅडम जाईस्तोर हितून कुणी हलायचं न्हाई. शिंक आली तरी दाबायची. आज वर्गात मला घाण दिसायला नगं."

घाण म्हणजे आम्ही. हे कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

तालुक्याहून मॅडम आल्या होत्या त्या जादा वर्ग बघायला. हा वर्ग काय होता ते सांगते. गरीब गावांतल्या सरकारी शाळेत जी लेकरं वाचण्यात मागं पडतात, त्यांच्यासाठी दिल्लीहून योजना आली होती. शाळा सुटल्यावर रोज एक तास, फक्त अशा लेकरांना घेऊन बसायचं, अक्षरापासून शिकवायचं. त्यासाठी चित्रांचे तक्ते आले, कार्यपुस्तिकांचे गठ्ठे आले. आमच्या शाळेत दारामागं यादी चिकटवली गेली. वर लाल शाईत मथळा : अप्रगत. खाली नऊ नावं. नऊच्या नऊ तांड्यावरची. गावातली ढ पोरं नव्हती असं नाही, पण त्यांच्या बापांना दारामागं नाव लागलेलं चाललं नसतं.

आणि तो तास? घंटा झाली की मोठे सर मोटारसायकलला किक मारायचे. आम्ही वर्ग झाडायचो, टाकी भरायचो, संडास धुवायचो. आमचा जादा वर्ग तो एवढा. कार्यपुस्तिका कपाटात, प्लास्टिकसकट.

त्या दिवशी माझ्या नावानं हजर म्हणाली ती शिवानी. गावातल्या सगळ्यात मोठ्या शेतकऱ्याची मुलगी. तिचे वडील शाळा समितीचे अध्यक्ष. ती पहिलीपासून घडाघडा वाचायची. तिनं धडा वाचायला घेतला आणि आम्ही नऊ जण भिंतीला कान लावून ऐकत राहिलो. शेवटच्या ओळीपर्यंत ती कुठं अडली नाही.

मग मॅडमचा आवाज. "अगं, तू तांड्यावरची ना? किती सुंदर वाचतेस!"

टाळ्या. टाळ्या माझ्या नावाला होत्या. माझ्या हातात तांदळातला खडा होता. मी तो इतका घट्ट धरला की तळहातावर वळ उठला.

स्वयंपाकवाल्या मावशी माझ्याकडं बघत होत्या. गावातल्याच, विधवा, तोंडानं फाटक्या. त्या म्हणाल्या, "निवड गं. खडा ऱ्हायला तर मलाच बोल लागंल."

मॅडम गेल्यावर मोठे सर दारात आले. एकदम खूश. "उठा. खिचडी खा अन् पळा. नऊच्या नऊ प्रगत करून टाकले म्या तुमाला." आणि हसले. दुपारी दारामागची यादी निघाली. यादी निघाली म्हणजे जादा वर्ग संपला. ज्यांना वाचता येतं त्यांना तो तास कशाला? झाडू मात्र आमच्याच हातात राहिला.

शिवानीला मॅडमनी पेन दिला होता. निळा, टोपणाचा. तिनं मला तो दाखवला. "तुझ्या नावानं भेटला," म्हणाली. मला दिला नाही.

इथवरचं मी गिळलं असतं. तांड्यावरचं लेकरू रोज काही ना काही गिळतच होतं. पण मॅडम जाताना थांबल्या.

आमच्या तांड्याच्या वाटेवर गावातल्या एका रानात बाया सोयाबीन काढत होत्या. मॅडमनी गाडी थांबवली आणि माझं नाव घेऊन विचारलं, हिची आई कोण? माझी याडी घाबरून पुढं झाली. याडी म्हणजे आमच्या बोलीत आई. तिला वाटलं, पोरीनं काहीतरी गुन्हा केला. मॅडम म्हणाल्या, "तुमची मुलगी फार छान वाचते. तिला ऊसतोडीला नेऊ नका. शिकवा."

मॅडमना वाटेला लावायला मोटारसायकलवरून आलेले मोठे सर बाजूलाच उभे होते. ते काय बोलू शकले असते? काहीही. मॅडमना घाई आहे, चला, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण ते हात जोडून म्हणाले, "व्हय मॅडम. आमच्या शाळेची शान हाय ती."

हे मला याडीनंच सांगितलं, शंभर वेळा. प्रत्येक वेळी शेवटच्या वाक्याला तिचा आवाज बदलायचा.

त्या संध्याकाळी तिनं तांड्यावर गूळ वाटला. घरोघरी, ओंजळीत खडा ठेवत. ज्या आठ घरांतली लेकरं माझ्यासोबत तांदूळ निवडत होती, त्या घरांतही. लेकरांनी गूळ खाल्ला आणि माझ्याकडं बघितलं. कुणी बोललं नाही. त्यांच्याही नावानं कुणीतरी वाचून गेलं होतं. मीही बोलले नाही. याडीला इतकी ताठ चालताना मी त्याआधी बघितलं नव्हतं. कोणत्या तोंडानं सांगणार होते?

दिवाळी झाली. तांडा ऊसतोडीला निघाला. दर वर्षी मीही जायची, धाकट्याला सांभाळायला, मोळ्या वाहायला. त्या वर्षी याडी मुकादमाला म्हणाली, "माझी पोरगी वाचती. ती येनार न्हाई." मला काकीकडं ठेवून ती ट्रकमध्ये चढली. मी शाळेत जात राहिले. वर्गात मागं बसायची, फळ्यावरचं चित्र काढावं तसं वहीत उतरवायची. कागदावर मी वाचत होते, म्हणून मला कुणी काही विचारत नव्हतं. त्या सहा महिन्यांत मला चार अक्षरं शिकवली असती तरी पुढचं झालं नसतं. सहा महिने म्हणजे केवढे तास होतात! ते तास माझे होते. माझ्यासाठी दिल्लीहून आले होते.

पाडव्यानंतर ऊसतोडीवरून सगळे परतले. आणि चिठ्ठी आली.

याडीच्या सख्ख्या भावाची. मामाचा तांडा वारंगा फाट्याच्या पलीकडं. फाट्यावरच्या जीपवाल्यानं चिठ्ठी आणून दिली आणि जाता जाता म्हणाला, "पोरीची सगाई हाय जनू तुमच्या भावाच्या." चिठ्ठी मामाच्या मुलानं लिहिली होती. माझा मामेभाऊ. सातवीत. त्या काळी तांड्यावर एकच मोबाइल, नायकाचा, म्हणजे तांड्याच्या म्होरक्याचा, तोही टेकडीवर चढल्याशिवाय लागायचा नाही. चिठ्ठ्याच चालायच्या.

शेजारच्या बाया जमल्या होत्या. याडीनं चिठ्ठी माझ्या हातात दिली. "वाच."

आमच्या घरी आम्ही गोरमाटी बोलतो. याडी गोरमाटीतच बोलते, मी इथं मराठीत लिहिते आहे. पण तिचं ते "वाच" मराठीत होतं. शाळेचा शब्द शाळेच्या भाषेत. तिला ते तसं म्हणायचं होतं.

मी कागद धरला. मला त्यातलं काही कळलं नाही. मला फक्त जीपवाल्याचं बोलणं आठवत होतं. मी म्हणाले, "मामाच्या पोरीची सगाई आहे. लवकर या, असं लिहिलंय."

"कवा?"

"रविवारी."

का रविवार? मला माहीत नाही. रविवारी सुट्टी असते, पाहुणे रविवारीच येत असतील, असं त्या क्षणी डोक्यात आलं. याडीनं बायांकडं वळून एवढंच म्हटलं, "बघा." मी पाणी आणायला जाते म्हणून आत गेले आणि चिठ्ठी चुलीत टाकली.

रविवारी आम्ही गेलो. याडीनं ठेवणीतली आरशांची ओढणी काढली, भाचीसाठी बांगड्या घेतल्या. मामाच्या तांड्यावर पोचलो तर मांडव नाही, माणसं नाहीत. मामा बाजेवर बसला होता. तो उठला नाही.

"आलीस? सगाई गुरुवारीच झाली," तो म्हणाला. "पोरीची सख्खी आत्या न्हाई, अन् सगाई झाली. पाव्हन्यानं इचारलं, काहून आली न्हाई? काय सांगू म्या?"

"चिठ्ठीत रविवार व्हता."

"माझ्या पोरानं गुरुवार लिव्हला. सातवीत हाय त्यो."

"माझी पोरगी तालुक्याच्या मॅडमपुढं वाचती. ती चुकत न्हाई. तुझ्याच पोराला लिव्हता येत न्हाई."

दोघं बहीणभाऊ. दोघांनाही अक्षर येत नव्हतं. मामाला त्याच्या पोराचा अभिमान, याडीला तिच्या पोरीचा. दोन अडाणी माणसं आपापल्या लेकरांच्या शिक्षणावरून भर दुपारी भांडत होती आणि भोवती सगळा तांडा उभा होता. याडी म्हणाली, "चिठ्ठी आनू का?" चिठ्ठीची राख होऊन चार दिवस झाले होते.

मामेभाऊ दाराच्या चौकटीला धरून उभा होता. "म्या गुरुवारच लिव्हलं," तो म्हणाला. मग त्याचा आवाज डळमळला. "गुरुवारच लिव्हलं जनू." त्या "जनू"वर मामा उठला आणि सगळ्यांसमोर त्याच्या कानाखाली काढली. मी जमिनीकडं बघत राहिले. मी खरं सांगितलं नाही. हे माझं पाप आहे, ते मी दुसऱ्याच्या पदरात टाकत नाही. पण ते पाप माझ्या हातात कुणी दिलं, ते सांगायला आज बसले आहे.

याडीनं बांगड्या बाजेवर ठेवल्या आणि आम्ही निघालो. त्यानंतर ती भावाच्या दारात गेली नाही. तोही आला नाही. राखी बंद. दिवाळी बंद. लग्नात आत्या नव्हती. मामा गेला तेव्हा ती मातीला गेली, पण गेलेल्या माणसाशी काय बोलणार? येताना जीपमध्ये म्हणाली, "खोटं बोलला, पर भाऊ व्हता." तेव्हा मी शिक्षिका होऊन दोन वर्षं झाली होती. तेव्हाही माझं तोंड उघडलं नाही.

पण शाळेत माझं तोंड उघडलं होतं. त्या रविवारनंतरच्या सोमवारी. मी सरळ कार्यालयात शिरले. मोठे सर आणि शिवानीचे वडील चहा पीत होते.

मी म्हणाले, "सर, माझं नाव परत अप्रगतमध्ये लावा."

त्यांना आधी कळलंच नाही. कळल्यावर ते असे हसले की बशीत चहा सांडला. "ऐका पाटील! लोकं प्रगत व्हाया रडतेत, हिला अप्रगत व्हायचंय. ही तांड्याची अक्कल!"

"मला वाचता येत न्हाई, सर."

"येतंय. माझ्यापाशी लिव्हून हाय. जाय, वर्ग झाडून घे."

माझ्यापाशी लिहून आहे. हे वाक्य मी आजपर्यंत विसरले नाही. माझ्या डोळ्यांना काय दिसतं, ते त्यांच्या कपाटात लिहून ठेवलेलं होतं.

कोपऱ्यात झाडू होता. तो मी उचलला आणि त्यांच्या टेबलावर ठेवला. चहाच्या कपांच्या मध्ये. "मी प्रगत हाय ना सर? मग झाडू कशाला?" म्हणाले. त्याच झाडूच्या दांड्यानं त्यांनी मला मारलं. पाठीवर, पोटऱ्यांवर. शिवानीचे वडील "जाऊ द्या सर, लेकरू हाय" म्हणाले, पण कप खाली ठेवला नाही. मी रडले. रडले, पण झाडू उचलला नाही. सातवी पास होऊन त्या शाळेतून निघेपर्यंत उचलला नाही. त्यासाठी पुढं किती वेळा मार खाल्ला ते मोजलेलं नाही.

मारलेलं मावशींनी खिडकीतून बघितलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला मागं बोलावलं. चुलीजवळ कागदांचा गठ्ठा पडला होता. कार्यपुस्तिका. प्लास्टिक अजून निघालेलं नव्हतं.

"जाळायला दिलेत," त्या म्हणाल्या. "नवीन गठ्ठे यायलेत म्हनं, कपाटात जागा न्हाई. घे. पर फुकट न्हाई. भांडे घासून द्यायचे."

मावशी सातवी शिकलेल्या होत्या. माया वगैरे त्यांनी लावली नाही. रोज शाळा सुटल्यावर एक तास मी खिचडीची पातेली घासायची आणि त्या पायरीवर बसून पुस्तिकेवर बोट ठेवून विचारायच्या, "हे काय? अन् हे?" चुकलं की पळीचा दांडा टाळक्यात. बरोबर तोच तास, जो मला वर्गात मिळायला हवा होता. मोठे सर मोटारसायकलवरून गावाबाहेर पडत, आणि मी मागच्या बाजूला त्यांनी जाळायला दिलेल्या पुस्तकातून वाचायला शिकत होते. पावसाळा संपला तोवर मला वाचता येऊ लागलं. मी पहिलं सलग वाक्य वाचलं तेव्हा मावशी म्हणाल्या, "आता पातेलं नीट घास." मला अजून त्यांचा राग येत नाही आणि त्यांच्याविषयी हळवं काही लिहिताही येत नाही. गठ्ठ्याच्या तळाशी एक पुस्तिका होती. कव्हरवर माझं नाव. आत सगळी पानं भरलेली. गोलगोल, सुबक अक्षर. शिवानीचं. प्रत्येक पानाखाली मोठ्या सरांची सही आणि शेरा : उत्तम प्रगती. ती पुस्तिका मी चुलीत जाऊ दिली नाही. ती आज माझ्या ट्रंकेत आहे.

पुढचं थोडक्यात. शिकले. मार खाल्लेल्या माणसाला अभ्यासाची वेगळी गोडी लावावी लागत नाही. आता मी याच जिल्ह्यात, दुसऱ्या एका गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तो तास अजून आहे. योजनेचं नाव तीनदा बदललं, तास तोच. दिल्लीहून येतो. मी तो रोज घेते, एकही न बुडवता. वर्गात झाडू मी मारते. माझ्या वर्गातल्या पोरींना वाचता येत नसेल तर मी "येत नाही" असंच लिहिते. त्यावरून वरचे बोल लावतात, की मॅडम, तुमच्याच शाळेचा आकडा काहून खाली? मी म्हणते, बाकीच्यांचा वर काहून, ते विचारा.

गेल्या महिन्यात मोठे सर आमच्या घरी आले. आमच्या तांड्यावर, आमच्या दारात. मी सुट्टीत याडीकडं आले होते. इतक्या वर्षांत त्यांचा पाय तांड्याला लागला नव्हता. मध्ये बदली होऊन गेले होते, शेवटची वर्षं काढायला त्याच शाळेत परत आले, आणि आता निवृत्त व्हायलेत. हातात पेढ्यांचा पुडा. याडीनं धावत जाऊन बाजेवर धुतलेली गोधडी अंथरली.

"हीच का आमची शाळेची शान!" ते म्हणाले.

तेच शब्द. याडी चुलीपाशी उभ्या उभ्या हसली.

त्यांचं काम असं होतं. आदर्श शिक्षक म्हणून त्यांच्या नावाचा प्रस्ताव जायचा होता. त्यात जादा वर्गातलं काम दाखवायचं होतं. जुने कागद काढले तर त्यात माझं नाव सापडलं. तांड्यावरची अप्रगत मुलगी, सहा महिन्यांत प्रगत, आज शिक्षिका. याहून सुंदर दाखला कुठं मिळणार? त्यांनी खिशातून घडी घातलेला टाइप केलेला कागद काढला. वर लिहिलं होतं, विद्यार्थिनीचे मनोगत. मी वाचलं. "मी एक अप्रगत मुलगी होते. मोठ्या सरांनी माझा हात हातात धरून मला अक्षर शिकवले. त्यांच्या जादा वर्गात बसले नसते तर आज मी ऊसाच्या फडात असते."

"तू फकस्त सही कर, बाळा. लिहायची तकलीफ नगं तुला," ते म्हणाले. "तू बदली मागितलीस म्हनं तांड्याजवळची. बघतो म्या. वळखी हायेत."

मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. मला वाटलं होतं, डोळ्यांत कुठंतरी भीती दिसेल. नव्हती. त्यांना काही आठवतच नव्हतं. परात नाही, झाडू नाही. त्यांच्यापाशी जे लिहून होतं ते त्यांनीच वाचलं आणि तेच खरं मानलं. पुन्हा माझ्या नावानं दुसराच कुणी बोलत होता, आणि मी मागच्या खोलीत गप्प बसून राहावं अशी अपेक्षा होती. पण पाचवीतली पोर आता घाई करत नाही.

"कागद ठेवा सर," मी म्हणाले. "मनोगत मी माझ्या हातानं लिहून देते."

ते इतके खूश झाले! "मंग तर लईच बेस! निरोपाच्या कार्यक्रमात तूच वाच. समद्या गावापुढं."

ते गेल्यावर मी याडीला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. खिचडीची खोली. शिवानी. गूळ. चिठ्ठी. चिठ्ठीची राख. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हंजे माझा भाऊ खोटं न्हवता बोलला."

"न्हाई याडी."

मला मारेल असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. मग ती उठली, पेढ्यांचा पुडा उचलला आणि बाहेर शेळ्यांपुढं ओतला. एकेक पेढा पायानं पुढं सरकवत. आत येऊन म्हणाली, "लिव्ह. समदं लिव्ह. माझं बी लिव्ह. भावासंग अबोला धरला, तेबी लिव्ह."

दुसऱ्या दिवशी मी वारंगा फाट्याला गेले. माझा मामेभाऊ तिथं टायरच्या दुकानात काम करतो. त्या थपडेनंतर त्याचं शाळेत मन लागलं नाही, आठवीत सोडली. तो ट्रकचं चाक खोलत होता. मी उभ्यानंच सांगितलं. त्यानं पाना खाली ठेवला, हात पुसले, आणि एवढंच विचारलं, "म्हंजे म्या बराबर लिव्हलं व्हतं?"

"व्हय. बराबर लिव्हलं होतंस."

त्यानं पाना पुन्हा उचलला, एक नट खोलला. मग म्हणाला, "कार्यक्रम कवा हाय?"

लोक म्हणतात, जाऊ दे. आता म्हातारे झालेत सर. निवृत्तीच्या दारात कशाला? माझ्या शाळेतले सहकारीसुद्धा म्हणाले, बाई, सूड घेऊन काय मिळतं? मी सांगते काय मिळतं. माझ्या मामावरचा खोटेपणाचा डाग धुऊन निघतो. तो गेला, त्याला कळणार नाही, पण त्याच्या मुलाला कळलं. आणि सूड म्हणाल तर हो, सूडच. मला तो हवा आहे. मला लाजायचं कारण नाही. माझ्या त्या एका तासाबरोबर त्यांनी काय काय जाळलं ते त्यांना बसून ऐकायला लावायचं आहे.

सर, तुम्ही मागितलेलं मनोगत ते हेच. एक प्रत प्रस्तावाबरोबर जावी म्हणून मी स्वतः तालुक्याला दिली, पुस्तिकेच्या प्रत्येक पानाच्या झेरॉक्ससह. पोच घेतली आहे. दुसरी प्रत शनिवारी माझ्या हातात असेल. तुम्ही फुलांच्या खुर्चीवर असाल, अंगावर शाल, मांडीवर नारळ. पहिल्या रांगेत माझी याडी बसेल, ठेवणीतली ओढणी घालून. तिच्या शेजारी माझा मामेभाऊ. मागं त्या आठ जणांपैकी जे सापडले ते. चौघांनी येतो म्हणून सांगितलंय. कुणीतरी माइकवर माझं नाव पुकारेल. या वेळी हजर मी म्हणेन. आणि हे सगळं, पहिल्या ओळीपासून, मोठ्यानं वाचेन. माइक बंद केलात तर बिनमाइकचं वाचेन. बदली देऊ नका, नोकरीवर चौकशी लावा, मी थांबणार नाही. वाचून झाल्यावर मंचावरच्या टेबलावर, तुमच्या हारतुऱ्यांच्या मध्ये, मी एक झाडू ठेवणार आहे.

खाली सही केली आहे. तुम्हाला अक्षर ओळखू येणार नाही. माझं अक्षर तुम्ही कधी बघितलेलं नाही.